भिंतीला कोण धरतं?

"मागे हो, शांते. लोटा लागेल," असं म्हणत संताजीनं दोरीला बांधलेला पाण्याचा लोटा गरागरा फिरवायला सुरुवात केली. लोटा वर जायचा, पार उलटा व्हायचा, खाली यायचा, पण थेंबसुद्धा सांडत नव्हता.

यशोधराबाई आपल्या अंगणातल्या पायरीवर बसून बघत होत्या. त्या महूच्या. वडील फौजेत सुभेदार होते. बी.एस्सी. होऊन बाई नुकत्याच इंदूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत आठवीतल्या कुमुदला आणि तिची मैत्रीण शांता हिला त्या रोज दुपारी शिकवत. संताजी हा कुमुदचा धाकटा भाऊ. त्याला शिकायला कुणीच बोलावलं नव्हतं, पण लोटा फिरवायचा आहे म्हटल्यावर तो आपण होऊन हजर झाला होता.

कुमुदची अडचण विचित्र होती. गतीचे तिन्ही नियम तिला तोंडपाठ होते, तरी सहामाहीत त्याच धड्यात तिची दांडी उडाली होती. तिचे वडील जयसिंगराव सरकारी ओव्हरसियर. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. मध्य प्रदेश होऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि आबांच्या कचेरीच्या पाटीवर नव्या रंगाखालून जुनं 'मध्य भारत' अजून डोकावायचं. आबांनी बाईंना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "नियम पक्के करून घ्या. खेळ नकोत. सुधारणा दिसली नाही तर शिकवणी बंद."

तेवढ्यात दोरी तुटली. लोटा सणसणत कुंपणावरून गेला आणि शेजारच्या अंबिकाकाकूंच्या मेथीच्या वाफ्यात पडला.

"यशोधरा, पोरांना शिकवतेस की लढाई करतेस?" काकूंचा आवाज आला.

"शिकवतेय, काकू. मेथी मी निवडून देईन," बाई म्हणाल्या आणि मुलांकडे वळल्या. "लोटा कुठं गेला?"

"मेथीत," संताजी म्हणाला.

"ते दिसलं. पण दोरी तुटल्यावर गोल फिरत गेला की सरळ?"

"सरळ."

"का गं, कुमुद?"

कुमुदनं हात मागे बांधले. "बाहेरून बळ लावलं नाही तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि गतिमान वस्तू..."

"थांब. हे पुस्तकाचे शब्द झाले. तुझे सांग."

कुमुदनं मागे बांधलेले हात सोडले. कुंपणाकडे बघत ती म्हणाली, "त्याला सरळच जायचं होतं. दोरी त्याला सारखी आत ओढत होती, म्हणून तो गोल फिरत होता. दोरी तुटली, तर तो आपल्या वाटेनं निघून गेला."

"आणि लोटा पण मला ओढत होता," संताजीनं बोटं पुढे केली. त्यांच्यावर दोरीचे लाल वळ उठले होते.

"तू त्याला ओढलंस, त्यानं तुला. हा तिसरा नियम. तुझ्या बोटांवर छापून आलाय," बाई हसल्या.

संताजी बोटं चोळत म्हणाला, "पण बाई, लालबागजवळच्या मेळ्यात मौत का कुआँ आलाय ना, त्यात मोटरसायकल भिंतीवर गोल फिरते. तिला तर काही दोरी नाही. मग ती सरळ का नाही निघून जात?"

"प्रश्न सही आहे," बाई म्हणाल्या. "चला, बघूनच येऊ."

"आबा म्हणाले, खेळ नकोत," कुमुद पुटपुटली.

"हा धडाच आहे. फक्त तो मेळ्यात भरलाय."

मेळ्यात शेव, जिलबी आणि रॉकेलच्या धुराचा वास भरला होता. मौत का कुआँ म्हणजे उभ्या फळ्यांचं एक भलंमोठं गोल पिंप. बाहेरच्या जिन्यानं वर जायचं आणि काठावरच्या गॅलरीत उभं राहून आत वाकून बघायचं. आत मोटरसायकल चालवणारी बाई होती. मंजुळा तिचं नाव. मोटरसायकल तळाशी गोल फिरली, वेग वाढला, आणि बघता बघता ती भिंतीवर चढून आडवी पळायला लागली. संताजी कठड्यावरून आणखी वाकला.

शांता कधी फार बोलत नसे. तिनं कठड्यावर तळहात ठेवला होता. तिनं कुमुदला कोपरानं ढोसलं. "इथं हात ठेव. गाडी त्या बाजूला गेली की खट होतंय."

कुमुदनं हात ठेवला. घर्र... घर्र... खट. प्रत्येक फेरीत एकाच जागी.

खाली उतरल्यावर बाईंनी विचारलं, "मग? मोटरसायकलची दोरी कोणती?"

"भिंत," कुमुद म्हणाली. "गाडीला सरळ जायचंय, पण भिंत तिला आत ढकलते." ती थबकली. "म्हणजे गाडी भिंतीला बाहेर ढकलत असणार. संत्याच्या बोटांसारखं."

"बरोबर."

"मग भिंतीला कोण धरतं?"

हा प्रश्न बाईंनाही सुचला नव्हता. चौघं विहिरीच्या मागच्या बाजूला गेली. फळ्यांभोवती तारेचे दोन जाड दोर कंबरपट्ट्यासारखे आवळले होते, एक खाली, एक वर.

"हे धरतात," बाई म्हणाल्या. "पण मग खट कशाला व्हावं?"

"एखादी फळी सरकत असेल," शांता म्हणाली.

"कळणार कसं? डोळ्यांना तर दिसत नाही," संताजी म्हणाला.

कुमुदनं बाईंच्या पिशवीतून खडू काढला आणि जिथं दोन फळ्या भेटत होत्या तिथं एक आडवी रेघ ओढली. अर्धी एका फळीवर, अर्धी दुसरीवर. "सरकली तर रेघ मोडेल."

संताजीला काम आवडलं. विहिरीला पूर्ण वळसा घालून त्यानं प्रत्येक सांध्यावर रेघ मारली. पुढचा खेळ झाला. मुलं पुन्हा फिरून आली. सगळ्या रेघा जशाच्या तशा होत्या. फक्त एका जागी अर्धी रेघ बाजूच्या अर्धीला सोडून नखभर बाहेर आली होती. त्या रेघेच्या वरच वाघाचं चित्र असलेला मोठा पोस्टर ठोकला होता. बाकी मागची भिंत उघडी, आणि कुणी बघायला येत नाही अशा जागी एवढा झोकदार पोस्टर.

शांतानं पोस्टरचा कोपरा उचलला. वरचा तारेचा दोर तिथं तुटला होता. दोन टोकांना जोडायला काथ्याचा दोर गुंडाळला होता, आणि त्याचे पेड उसवून केसांसारखे लोंबत होते.

"ए बच्चों, पोस्टर को हाथ मत लगाओ," मागून आवाज आला. कुआँचा मालक बनवारी सेठ येत होता, आणि त्याच्याबरोबर हातात चहाचा कप घेतलेले आबा. मेळ्यातली बांधकामं तपासायचं काम त्यांच्याकडेच होतं.

"कुमे, तू इथं?" आबांच्या कपाळाला आठी पडली.

"आबा, हा दोर बघा. बाहेरच्या पाटीवर लिहिलंय, पुढच्या खेळात दोन मोटरसायकली एकदम फिरणार आहेत. वजन दुप्पट, वेग जास्त. भिंतीवर जोर किती वाढेल."

"मी सकाळी तपासून सही केलीय."

"मागे आला होतात?"

आबांची नजर पोस्टरकडे गेली. सेठ हसला. "साहब, बच्चों की बात. वो तो पोस्टर बांधने की रस्सी है. मेरा कुआँ हाथी के धक्के से नहीं हिलता."

आबा कप हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्यांना लेकीचं ऐकायचं होतं असं वाटलं, पण आपली सही आपणच खोडायची हे अवघड होतं. "जा, घरी जा," ते एवढंच म्हणाले आणि सेठबरोबर पुढे गेले. पोस्टरजवळ सेठनं एक दणकट माणूस उभा केला.

पुढच्या खेळासाठी रांग लागली होती. बायका, कडेवरची पोरं, आखाड्यातल्या तरुणांचं एक टोळकं. हे सगळे आता गॅलरीत चढणार होते. तंबूच्या दाराशी मंजुळा मोटरसायकल पुसत होती. शांता धावत तिच्याकडे गेली.

"ताई, तिथं खट होतं ते तुम्हाला कळतं का?"

मंजुळानं फडकं थांबवलं. "गाडी हिसका देते तिथं. सेठ म्हणतो, जुनं लाकूड आहे, आवाज करणारच."

"तिथला दोर तुटलाय, ताई."

कुमुद रांगेकडे बघत होती. सेठ पोस्टर काढू देणार नव्हता, आबा सही बदलणार नव्हते. आणि मोटरसायकल फिरल्याशिवाय भिंत हलत नव्हती. पण भिंतीला थोडंच कळतं, आपल्याला कोण ढकलतंय ते? जोर तो जोर.

ती बाईंच्या कानाशी लागली. बाईंनी मान डोलावली. "पण गॅलरीत एकही माणूस नको. आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं."

कुमुद सरळ रांगेपुढे जाऊन मोठ्यानं म्हणाली, "सेठजी, आपने कहा था ना, आपका कुआँ हाथी के धक्के से भी नहीं हिलता?"

"हाँ, तो?" सेठनं छाती काढली. एवढं गिऱ्हाईक समोर असताना तो दुसरं काय म्हणणार?

"हाथी तो यहाँ नहीं है. पर ये पहलवान भिया हैं. अंदर से धक्का देकर देखें?"

रांगेत हशा पिकला. आखाड्यातली पोरं तर बाह्या सरसावून पुढे आलीच. "सेठ, एक बार हो जाए. पब्लिक को भी भरोसा होगा."

सेठनं इकडंतिकडं बघितलं. नाही म्हणावं तर लोक म्हणणार, काहीतरी गडबड आहे. त्यानं तोंड वाकडं करून वाट सोडली. आबाही मागोमाग आत आले.

शांतानं हिसक्याची जागा दाखवली. पहिलवानांनी एकमेकांना खेटून भिंतीला खांदे लावले.

"हळूहळू जोर वाढवा," बाई म्हणाल्या.

भिंत करकरली. दोन फळ्यांच्या मधून उजेडाची एक बारीक रेघ आत आली. ती रुंद होत गेली.

"थांबा," बाई ओरडल्या. पहिलवान मागे सरले, पण त्याच क्षणी बाहेर काहीतरी ताडकन तुटलं. वाघाचा पोस्टर फाटला, आणि त्या फळ्यांची वरची टोकं बाहेर कलली. खालच्या दोरानं भिंत धरून ठेवली म्हणून ती पडली नाही.

मंजुळा फटीजवळ गेली आणि तुटलेल्या दोराचं टोक तिनं हातात घेतलं. ते तिनं आबांपुढे धरलं.

आबांनी चहाचा कप खाली ठेवला. "सेठ, नवा तारेचा दोर लागेपर्यंत खेळ बंद. माझी सकाळची सही रद्द."

"साहब, इतनी भीड़..."

"भीड़ है, इसीलिए." ते लोकांकडे वळले. "चूक माझीही आहे. मी मागे जाऊन बघायला हवं होतं."

मंजुळा कुमुदजवळ आली. "पोरी, आजवर मला सगळ्यांनी एकच विचारलं, भीती वाटत नाही का. भिंतीला कोण धरतं, हे कुणीच विचारलं नव्हतं."

कुमुदनं शांताचा हात धरला. "खट हिला ऐकू आलं, ताई. आणि रेघा संत्यानं मारल्या."

दुसऱ्या दिवशी नवा दोर आला. आबांनी तो स्वतः हातानं चाचपून बघितला आणि मगच खेळ सुरू झाला. संध्याकाळी ते यशोधराबाईंच्या दारी गेले. मुलं ओसरीवरच बसली होती.

"बाई, शिकवणीबद्दल बोलायचं होतं."

कुमुदनं बाईंकडे बघितलं.

"सुट्टी संपल्यावरही चालू ठेवाल का? संताजीलाही घ्या." ते थोडे घुटमळले, मग मुलांकडे वळले. "उद्या सकाळी मेळ्यातला मोठा पाळणा तपासायचाय. येता का तुम्ही तिघं?"

"आम्ही काय करायचं, आबा?" संताजीनं विचारलं.

"तुम्ही पुढे चालायचं," आबा म्हणाले, "आणि प्रश्न विचारायचे. मी मागून उत्तरं शोधत येईन."