उजवा कौल

८ नोव्हेंबर २०१९, शुक्रवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. पेडणे बाजारातल्या रुद्रेशच्या दुरुस्तीच्या दुकानात क्षमाने जुना लॅपटॉप ठेवला, तेव्हा त्यात मोकळी जागा होती दोनशे बारा एमबी. तो सुरू होईपर्यंत दोघांचा चहा संपला, आणि रुद्रेशच्या लांबसडक बोटांवरून तिला दोनदा नजर काढून घ्यावी लागली.

"मेस्त, जगेल ना हा?" कारागिराला मारतात ती हाक मारून तिने विचारले.

"जगेल. पण ह्याची जागा बत्तीस जीबी, बोर्डालाच जोडलेली. वाढवता येत नाही. सगळं पुसून हलकी सिस्टीम घालावी लागतली."

पुसायचे म्हणताच ती दचकली. तिच्या बाबांची, कृष्णनाथांची, भजने त्यात होती. बाबा गेल्या वर्षी वारले. तो आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. आमच्या घरी देवाचा कौल घेतल्याशिवाय मोठे काम होत नाही, असे तिने सांगितले. कौल मिळाला की कळवा, मग पुसतो, तो म्हणाला. भजने आधी पेनड्राइव्हवर घ्यायची, हे तिने मनात ठरवले. सांगायचे मात्र राहिले.

पुढे ती लॅपटॉपची चौकशी करायला वरचेवर येऊ लागली. "पेशंट एक, नातेवाइकांच्या फेऱ्याच फार," तो हसून म्हणे. 'तुम्ही'चे 'तू' कधी झाले, दोघांनाही कळले नाही.

मग एका सोमवारी ती देवळात उभी राहिली. मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांतली उजवी आधी पडली, तर देवाचा होकार. भटजींनी प्रश्न मनात धरायला सांगितले. धरायचा होता लॅपटॉप... धरला गेला भलताच प्रश्न. उजवी पाकळी अलगद सुटली.

अंगणात येऊन तिने फोन लावला. "उजवा मिळाला—" एवढे बोलून लाजेने ठेवून दिला.

दुपारी ती पेनड्राइव्ह घेऊन दुकानात आली. लॅपटॉप चाळीस सेकंदांत उघडला. स्वच्छ, कोरा.

"बाबांची भजनं?"

"पुसलं सगळं. तूच कौल कळवलास."

"तो लॅपटॉपचा नव्हता, रुद्रेश..." ती म्हणाली. "तुझा होता."

त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. त्याने उचललाही नाही. खणातून एक डिस्क काढून त्याने जोडली. टाळ वाजला, आणि कृष्णनाथांचा भरदार सूर दुकानभर पसरला. क्षमा स्टुलावर बसली.

"प्रत घेतल्याशिवाय मी काही पुसत नाही," तो हळूच म्हणाला. "देवानं हो म्हटलं. तू?"

"माझं हो होतं, म्हणून तर देवाला विचारलं."

भजने पुन्हा लॅपटॉपवर चढली. मोकळी जागा उरली सोळा जीबी.