दोराचं दुसरं टोक

साक्षीची गाडी सहाची होती आणि आम्ही चार वाजताच डोंगा पाण्यात लोटला. काम साधंच होतं. भाचीला धरणाच्या पल्याड सोडायचं, तिथं थांबलेल्या हरीओमच्या मोटारसायकलवर जऊळका स्टेशन आणि पुढे रेल्वेनं अकोला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं पोलीस भरतीचं मैदान होतं. रस्त्यावरचा पूल पुरात बसला होता, म्हणून ही पाण्याची वाट. मागच्या भरतीत आठशे मीटरला ती तीन सेकंदांनी राहिली होती. तीन सेकंद! तेव्हापासून आमच्या घरी जेवायला बसलं की त्याच तीन सेकंदांचा विषय निघायचा.

मी सतीश, इथल्या मच्छीमार संस्थेचा सचिव. कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघणारा माणूस. संस्थेच्या डोंग्याची मशीन म्हातारी झालेली, तेव्हा ती मध्येच बसणार हे मी धरूनच चाललो होतो. जादा प्लग घेतला, पाना घेतला, एक वल्हं, कोयता, शिट्टी, आणि मोबाइल दोन पिशव्यांत गुंडाळून घेतला. शिवाय पल्याडच्या काठावर देवमनकाकांना त्यांचा डोंगा घेऊन बसवून ठेवलं होतं. माझ्या तीन लांब शिट्ट्या ऐकू आल्या की त्यांनी यायचं, दोर टाकायचा आणि आम्हाला ओढून न्यायचं.

"मामा, धरन पार करून राह्यलो का समुद्र?" साक्षी हसली.

"हासून घे. वेळ काही सांगून येत नसते."

आणि आली की हो! बरोबर मधोमध मशीन दोनदा खोकली आणि गप्प झाली. खरं सांगतो, मला आधी आनंदच झाला. एवढी तयारी केलेली, ती वाया गेली असती तर मलाच चुकल्यासारखं वाटलं असतं. मी प्लग बदलला. दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागला. मशीन ढिम्म. वर झिमझिम सुरू झाली, पाण्यावर धुरकट पांढरं उतरलं आणि दोन्ही काठ दिसेनासे झाले. पाच वाजले होते. वारा तोंडावर होता, एका वल्ह्यानं सहापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं.

मी शिट्टी तोंडाला लावली. एक. दोन. तीन.

तिसरी पुरती वाजलीही नव्हती तोच समोरच्या पांढऱ्यातून दोर आला आणि आमच्या डोंग्याच्या पुढच्या टोकावर, नाळेवर पडला. नेमका! मी ओरडलो, "वा रे काका, याले म्हनते टायमिंग!"

उत्तर आलं नाही. तोंडात खर्ऱ्याचा, तंबाखू-सुपारीचा, तोबरा असेल, म्हणून मी सोडून दिलं. दोर कडीत ओवून पक्की गाठ मारली. दोर ताणला गेला आणि डोंगा निघाला.

असा निघाला म्हणून सांगू! संस्थेची मशीन नवी होती तेव्हाही तो असा पळाला नव्हता. दोन्ही अंगांनी पाणी फाकत होतं, साक्षीची ओढणी मागे फडफडत होती. तिनं दोन्ही हात वर केले आणि किंचाळली, "मामा, लय भारी!" मीही ओरडलो. माझं वय बेचाळीस आहे, पण त्या वेळी मी बारा वर्षांचा असेन.

मग आम्ही दोघं ओरडायचं थांबलो आणि मला ऐकू आलं की काहीच ऐकू येत नाही. देवमनकाकांची मशीन शिरपूरपर्यंत ऐकू जाते अशी गावात चेष्टा होते. इथं नुसतं पाणी चिरल्याचा आवाज होता. आणि एक वास... उपसलेल्या विहिरीच्या तळाशी असतो तसला, थंड गाळाचा.

खिशात मोबाइल वाजला.

"सतीश, शिटी आयकू आली लेका," देवमनकाका धापा टाकत होते. "पन माही मशीन चालूच होऊन नाही राह्यली. काठावरच हावो मी. अर्धा घंटा दम धर."

मी नाळेवर वाकलो आणि दोर कुठं जातो ते पाहिलं. ओढणारा डोंगा पुढं असेल तर दोर पाण्याच्या वरून सरळ जातो. हा आमच्यापासून तीन हातांवर पाण्यात शिरत होता. खाली, तिरपा, खोल. पुढं कुणीच नव्हतं.

साक्षीनंही पाहिलं. मी कोयता उचलला. पातं दोराला लावलं.

"मामा... थांबा."

"येडी झाली का? खाली ओढून राह्यलं काहीतरी!"

"खाली नाही. पुढं ओढून राह्यलं." तिचा आवाज बारीक होता, पण नजर दोरावरून हटत नव्हती. "कापला तं गाडी गेली. मी अजून एक वर्ष नाही काढू शकत, मामा... नोका कापू."

मी कोयता खाली ठेवला. भ्यालो होतो, साफ सांगतो. पण तिचं तोंड पाहून मला कापवलं नाही.

साडेपाचला नाळ पल्याडच्या काठाच्या चिखलात घुसली. दोर सैल पडला. मी गाठ सोडली, तसं ते टोक पाण्यात सरकत गेलं. कुणी निवांतपणे दोर गुंडाळून घ्यावा, तसं. आम्ही मात्र मागं न बघता पळत सुटलो. हरीओमनं मोटारसायकल चालूच ठेवली होती. सहाची गाडी साक्षीला मिळाली.

स्टेशनावरून काठावर परत आलो तर देवमनकाका माझ्या डोंग्याची ओली कडी बोटांनी चाचपत होते. मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत.

"उतरल्यावर 'पोचलो' म्हनलं का?"

"कोनाले म्हनू? कोनी होतं का तिथं?"

"ओढनाऱ्याले म्हना लागते. पोचलो म्हनल्याबिगर ओढ सुटत नाही. माहा बाप काठावर पाय ठेवला की पह्यलं तेच म्हने." एवढं बोलून ते उठले. ही धरणावरची जुनी रीत मलाही ठाऊक होती. पण घाईत कुणाला आठवते? मी उगीचच हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "मामा! पह्यली आली मी! आठशेत पह्यली!" मी अंगणात उडीच मारली. ती बोलतच होती. "दुसऱ्या चक्करले पाय जड झाले होते. तं कमरेले एकदम हिसका बसला, समोरून. मी पळालीच नाही मामा, मले नेलं..."

"आता कुठी हायेस?"

"गाडीत. जऊळका येऊन राह्यलं." आवाज उतरला. "मामा... ते अजून सुटलं नाही. दाराकडं ओढून राह्यलं. दोन्ही हातानं खिडकीची सळई धरली मी. कानाले फोन बाजूच्या बाईनं लावला हाय."

मी धरणाकडे जिवाच्या आकांतानं धावलो, फोन कानालाच. मला धावताना पाहून देवमनकाकाही माझ्या मागं. गुडघाभर पाण्यात शिरून मी बोंबललो, "पोचली! पोरगी पोचली रे बाबा! पोचलो आमी दोघंई!"

पाणी तसंच होतं. फोनमध्ये गाडीची खडखड, मग साक्षीचं रडणं, मग हसणं.

"सुटलं, मामा! ढिलं झालं एकदम..."

मी तिथंच पाण्यात बसलो. देवमनकाकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते काहीच बोलले नव्हते, मीही नाही.

"मामा," साक्षी विचारत होती, "तुमच्या बाजूले कोन हाय? आत्ता 'येजो पुन्हा' असं कोन म्हनलं?"