वीतभर काळी

मला त्या ठेकेदाराचं नरडं धरायचं होतं! दुसरं काही नाही. त्याच्यासाठीच १९३८ च्या भादव्यात, पोळा होऊन आठ दिवस झाले असतील, आम्ही चौघं दऱ्यात शिरलो.

कारण सांगते. केनवडच्या अलीकडे डोंगराच्या उतरणीवर आमचं वावर. वावराच्या खालच्या टोकाला सासऱ्यानं खोदलेली विहीर. आणि त्या विहिरीकडे खालच्या दऱ्यातून एक घळ वर सरकत येत होती. मी मोजायला लागले तेव्हा ती वीस हातांवर होती. मग चौदा झाली. त्या भादव्यात मोजली, तर सहा हात! एका दांडग्या पावसाचं काम. विहीर घळीत गेली की ओलीत गेलं, मग वावर गेलं, आणि नवऱ्यामागं बारा वर्षं एकटीनं औत हाकलेली ही गोजराबाई दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाणार. हे मी होऊ देणार होते काय?

गुन्हेगार कोण, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. वर डोंगरावर कोळशासाठी तोड घेतलेला ठेकेदार. चार सालांत त्यानं डोंगराची हजामत करून टाकली. पाणी थांबवायला झाड उरलं नाही, नाला फुगायला लागला आणि खालून आमचं वावर कुरतडायला लागला. सोमवारी तहसीलदाराचा मुक्काम मालेगावला होता. त्याच्या टेबलावर मला पुरावा आपटायचा होता.

पुराव्याची युक्ती शिरपूरच्या फुलचंदशेठची. शेठचं दुकान गावात, पण नाल्याकाठी त्यांची बाग होती, आणि बागेतली विहीर दर पावसाळ्यात गाळानं बुजायची. शेठ जैन. पाणी गाळल्याशिवाय ओठाला लावायचे नाहीत. ते म्हणाले, "बाई, नाल्याच्या काठाकाठानं वर जाऊ. जागोजागी पानी गाळू. कापडावर जो रंग बसन, तो सांगन गाळ कुठून येऊन राह्यला."

तिसरा माझा धाकटा दीर, इंद्रभान. त्याचा पट्टा माझ्या पट्ट्याला लागून. वाटणी झाल्यापासून बारा वर्षं आम्ही धड बोललो नव्हतो. पण ठेकेदाराला शिव्या द्यायच्या म्हटल्यावर तो मोटेचा नाडा खांद्यावर टाकून हजर झाला. चौथा तांड्यावरचा मोहनसिंग. दरा आतून माहीत असलेला माणूस म्हणजे तो एकटाच. तिथं अस्वलं होती, बिबट्या होता, म्हणून आमच्या गावचं कुत्रंही तिकडं फिरकत नव्हतं.

झुंजूमुंजू असताना आम्ही शेठच्या बागेतून निघालो. थोड्या वेळानं काठ उंच झाले, पळस आणि धावड्याची झाडं दोन्ही बाजूंनी पाण्यावर ओणवली, आणि नाल्याचा आवाज सोडला तर माणसाची काही खूण उरली नाही. गुडघाभर गढूळ पाण्यातून, शेवाळलेल्या दगडांवरून, कधी घोरपडीला चुकवत तर कधी करवंदीच्या जाळीतून रांगत आम्ही चाललो होतो. चिखलात बिबट्याचे पंजे दिसले. ताजे! मोहनसिंगनं ते पाहिले, कुऱ्हाड या हातातून त्या हातात घेतली आणि पुढं झाला.

पहिल्याच थांब्याला माझं आणि शेठचं वाजलं. त्यांनी तिपदरी कापडातून पाणी गाळलं, आणि कापड उलटं करून पुन्हा नाल्यातच खळबळायला लागले.

"अहो शेठ, हे काय करून राह्यले? तोच तर पुरावा!"

"जिवाणी सोडून राह्यलो, बाई. ज्या पान्यातले जीव, त्याच पान्यात सोडा लागते. जिथलं तिथं. मंग जो डाग राहीन, तो तुमचा."

"डाग घेऊन तहसीलदाराले काय दाखवू? तुमचं धोतर?"

इंद्रभान फिस्सकन हसला. मी डोळे वटारले तसा गप्प झाला. पण डाग राहिला खरा. काळाकुट्ट.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा आम्ही संगमावर पोचलो. उजवीकडून डोंगराचा ओढा येत होता. डावीकडून काळदरी, दोन्ही बाजूंना उभ्या भिंती असलेली अरुंद सांद. मधल्या काठाचा एक लपका नुकताच ढासळला होता आणि जमीन पोट कापल्यासारखी उघडी पडली होती. मोहनसिंगनं कुऱ्हाडीच्या दांड्यानं दाखवलं.

"हे पाह्य, याडी." तांड्यात आईला याडी म्हणतात, आणि तो मला तसंच म्हणायचा. "वरतून कंबरेएवढी काळी. तिच्या खाली चुनखडीचे खडे. मंग मुरूम. मंग खडक. इथं कोनी तोडलं नाई, कोनी वखरलं नाई."

मला सासरे आठवले. विहीर खोदताना ते हेच थर एकेक करून दाखवायचे आणि म्हणायचे, आपली काळी कंबरेएवढी आहे, पोरी, नातवंडांना पुरेल.

शेठनं दोन कापडं काढली. एक उजव्या ओढ्यात, एक डाव्या. उजवं निघालं लाल, हाताला रेती लागणारं. डावं निघालं काळं, लोण्यासारखं मऊ.

"बाई," शेठ हळूच म्हणाले, "माह्या विहिरीतला गाळ काळा हाय. तो डोंगराचा नाई. तो ह्या काळदरीतून येऊन राह्यला."

माझं डोकंच फिरलं! "डोंगर कोनं बोडका केला? ठेकेदारानं! मंग गाळ कोनाचा? तुमचं कापड तुमच्यापाशी ठेवा, शेठ! उजवीकडं चाला!"

"वहिनी, शेठ म्हनते त्यात..." इंद्रभाननं तोंड उघडलं.

"तुमी तर बोलूच नका, भाऊजी!"

गेलो उजवीकडे. माझाच हट्ट.

दोन कोस चढून वर आलो आणि चौघंही जागच्या जागी थबकलो. पोरगी होते तेव्हा याच डोंगरावर आम्ही टेंभरं वेचायला यायचो. सावली इतकी की दुपारी पाय गार पडायचे. आता नजर जाईल तिथवर नुसती खुंटं! वरची माती धुऊन गेलेली, मुरूम उघडा, आणि मुरमातून जागोजागी खडकाचे गुडघे वर आलेले. मी धावतच ठेकेदाराच्या खोपीकडे गेले. खोप रिकामी. कोळशाच्या भट्ट्या थंड. चुलीत गवत उगवलेलं. तोड संपली होती, आणि तो हलकट केव्हाच दुसरा डोंगर खायला निघून गेला होता. नरडं धरायला माणूसच नाही! मी भट्टीला लाथ घातली. माझाच अंगठा फुटला.

"याडी!" मोहनसिंग ओरडला. "वर पाह्य!"

आभाळ काळंठिक्कर झालं होतं. पहिला थेंब पडला आणि पुढच्या क्षणी पाऊस कोसळला. थांबवायला पान नाही. मुरवायला माती नाही. पाणी पडलं की धावत सुटलं! आमच्या पायाखालचा डोंगरच वाहायला लागला. लाल पाणी. पाण्यात दगड. घोट्याला लागले, नडगीला लागले.

"खाली नाई! आडवे पळा!"

पळालो. शेठचा पाय घसरला. धारेनं त्यांना उचललं आणि पंधरा हात फरफटत नेलं. एका खुंटाला ते अडकले, डोक्यावरची पगडी गेली. इंद्रभाननं नाडा फेकला. हुकला. पुन्हा फेकला. शेठनं धरला! आम्ही तिघांनी ओढलं. वर आले तेव्हा रक्तबंबाळ गुडघ्यांनी ते पहिली गोष्ट काय तपासत असतील? कमरेची कापडं!

मागं संगमाकडे जायची सोय राहिली नव्हती. ओढा हत्तीएवढा झाला होता. मोहनसिंग आम्हाला धारेच्या कडेकडेनं घेऊन डोंगराच्या दुसऱ्या अंगाला उतरला, आणि उतरता उतरता खालची माती सुटली. चौघंही गडगडत एका सांदीत जाऊन पडलो. दोन्हीकडे उभ्या भिंती.

"काळदरी," मोहनसिंग म्हणाला. "हिच्या वरच्या टोकाले म्याही गेलो नाई कधी."

खालून पाण्याचा तुंबारा चढत होता. गुडघा. मांडी. कंबर. वर जाण्याशिवाय रस्ता नव्हता. काळदरीचा शेवट समोरच होता, चार पुरुष उंच सरळ भिंत, आणि तिच्यावरून काळ्या पाण्याच्या दहा-बारा धारा खाली येत होत्या.

"मी हलकी. मी चढून नाडा बांधते," मी म्हटलं. "भाऊजी, खांदा द्या!"

दिराच्या खांद्यावर पाय! एरवी गावानं तोंडात शेण घातलं असतं. इंद्रभाननं वाकून खांदा दिला.

खाली खडक होता, खडकानं साथ दिली. त्याच्यावर मुरूम. मुठीत धरला की भुसभुशीत होऊन हातात यायचा. एकदा दोन्ही पाय सुटले! मोहनसिंगनं खालून कुऱ्हाडीचा दांडा टेकवला म्हणून वाचले. मग चुनखडीचे खडे लागले. बोटं फाटली, पण पकड मिळाली. आता काळी लागेल, मी मनाशी म्हटलं. कंबरेएवढी काळी, तिच्यात मुळ्या असतील, मुळ्या हाती आल्या की सुटलो. मी जोर करून हात वर टाकला.

काळी नव्हतीच! वीतभर. फक्त वीतभर! हात तिच्यातून लोण्यासारखा निघून वरच्या मोकळ्या हवेत गेला. मी मागं कलले. बोटांना एक दगड लागला, मी त्याला मिठी मारली आणि पोटावर सरकत वर आले. चुन्याचा पट्टा मारलेला हद्दीचा दगड. त्याला नाडा बांधला, पाय रोवले आणि ओरडले, "या!" एकेक करून तिघंही वर आले.

पाऊस ओसरला होता. दिवस मावळायला थोडा अवकाश होता. मी मान वर केली, आणि समोर मोट होती. मोटेखाली थारोळं. थारोळ्यावर काल मी विसरलेला माझाच विळा.

माझी विहीर! काळदरी म्हणजे आमचीच घळ! वरून आम्ही रोज पाहत होतो, खालून कधी कोणी शिरलंच नव्हतं. मी विहिरीपासून हात टाकत मोजलं. पाच.

माझ्या कपाशीच्या ओळी, पऱ्हाटीचे तास, वरपासून खालपर्यंत, उताराला सरळ धरून आलेले. शेजारी इंद्रभानचेही तसेच. प्रत्येक तासातून काळं पाणी येत होतं, सावकाश, आवाज न करता, आणि घळीत पडत होतं. पाणी जातं, हे बारा वर्षं मला दिसत होतं. माती जाते, हे दिसलं नव्हतं. शेठनी माझ्या तासातलं पाणी गाळलं आणि ते कापड काळदरीच्या कापडाशेजारी धरलं. एकच रंग.

"तुमच्या पट्ट्याचं पानी माह्यात घुसते!" मी इंद्रभानवर तुटून पडले.

"अन् उभे वाटे कोनं मांगितले, वहिनी?" तोही भडकला. "पंचांसमोर पदर खोचून कोन उभं होतं?"

मी. मीच! पंच म्हणत होते, वरचं वावर एकाला, खालचं एकाला. मी म्हटलं होतं, खालची काळी भाऊजीले अन् वरची बरड मले काहून? उभे चिरा! दोघांले दोन्ही भेटन! पंचांनी उभं चिरलं. पट्टे झाले लांबलचक आणि अरुंद. चाळीस हातांच्या पट्ट्यात आडव्या तिफणीला बैल कुठं वळवणार? म्हणून दोघंही उभं वखरत आलो, उभं पेरत आलो. दरसाल पाण्याला मातीसकट खाली जायला शंभर पाटच काढून देत होतो, आणि घरी येऊन ठेकेदाराला शिव्या घालत होतो. ठेकेदार हलकट खराच. पण माझ्या वावरात तिफण त्यानं नव्हती धरली.

मी चिखलात बसले. शेठ जवळ आले. काळं कापड त्यांनी माझ्या पऱ्हाटीच्या मुळाशी उलटं केलं, भांड्यातलं पाणी टाकून नीट खळबळलं आणि पिळलं. चिमूटभर काळी वावरात उतरली.

"जिथलं तिथं, बाई," ते म्हणाले. दिवस मावळला होता, म्हणून घास न खाताच ते माणूस शिरपूरच्या वाटेला लागलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला मी दोन पट्ट्यांमधल्या धुऱ्यावर पहार घेऊन गेले. इंद्रभान आधीच येऊन उभा होता. बोंडं धरलेली उभी पऱ्हाटी दोघांनी उपटली, दोन्ही पट्ट्यांतून आरपार, उताराला आडवी, चार ठिकाणी. तिथं दगडामातीचे बांध घातले. लोक काठावर उभे राहून हसत होते. हसा, लेकहो! शेवटी आम्हा दोघांमधला हद्दीचा दगड उरला. पहार लावून आम्ही तो घळीच्या तोंडाशी लोटला आणि त्याच्यावर दगड रचत गेलो. पुढच्या मिरगाला तिफण आडवी चालली, माझ्या पट्ट्यातून त्याच्यात आणि त्याच्या पट्ट्यातून माझ्यात.

त्या सोमवारी मालेगावला गेले ती फक्त लाल कापड घेऊन. तहसीलदारानं डोंगराचं सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि विचारलं, "आणि नाल्यातल्या काळ्या गाळाचं काय?"

"ते आमचं आमी पाहून घेऊ," मी म्हटलं.

हस्ताचा पाऊस त्या साली झोडपून गेला. उजाडल्याबरोबर मी विहिरीवर धावले आणि हात टाकून मोजलं. पाच. इंद्रभानला मोजायला लावलं. पाच! तो आनंदानं ओरडला, आणि मला मात्र असा संताप आला की मी तिथंच ढसाढसा रडले. बारा वर्षांत एकदा, एकदा जरी आम्ही दोघांनी मिळून आडवं पेरलं असतं, तर ते वीस असते!