दुसरी छत्री

देवगडच्या सागरी प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टाकीत, जगातलं शेवटचं छत्री-प्रवाळ उभं होतं. निदान डॉ. वृंदा खोत तसं समजत होत्या. समुद्र तापत गेला तसे बाहेरची मऊ प्रवाळं आधी पांढरी पडली आणि मग विरघळली. दगडी प्रवाळ मेलं तर मागे सांगाडा तरी उरतो. मऊ प्रवाळाचं काहीसुद्धा उरत नाही. हे एक वाचलं, कारण ते समुद्रात नव्हतंच. कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या खाऱ्या टाकीतून ते इथे आलं होतं.

ते मादी होतं, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं. या जातीत नर वेगळा, मादी वेगळी. वर्षातून एकदा ते अंडी सोडायचं. वृंदाबाई ती नळीने गोळा करायच्या आणि दोन दिवस ती नासताना बघत बसायच्या.

पाहणीला येणारे साहेब हमखास सुचवायचे, की तुकडे करून वाढवा ना, हवी तेवढी होतील. मग जनुकशास्त्रज्ञ इरफान परकार चष्मा पुसत त्यांना समजवायचे.

“साहेब, तुकडा म्हणजे पिल्लू नव्हे. तुमचं बोट तोडलं आणि ते वाढून अख्खा माणूस झाला, तर तो तुमचा मुलगा होईल का? तुम्हीच व्हाल. आम्ही त्याला कृत्तक म्हणतो. हजार तुकडे केले तरी जीव एकच, आणि मरतीलही सगळे एकाच तापाने. नवा जीव हवा असेल तर आधी दुसरा जीव हवा.”

साहेब मान डोलवायचे, चहा प्यायचे आणि जाताना पुन्हा तुकड्यांचंच विचारायचे.

अशात अकोल्याहून फोन आला. वीज मंडळातून निवृत्त झालेले वासुदेवराव गावंडे बोलत होते. ज्या गावात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचे वांधे, तिथे त्यांच्या बायकोने, रत्नाबाईंनी, मीठ कालवून कालवून हॉलमधल्या टाकीत समुद्र आणि त्यात एक छत्री-प्रवाळ सांभाळलं होतं. रत्नाबाई गेल्या आणि त्यांची छत्री मिटून एका अंगावर कलली. गावंडेंनी फोटो पाठवला. इथली छत्री बसकी, रुंद. ही उंच, कडेला चुण्या पडलेली. फोटो बघून वृंदाबाईंना खुर्चीत बसवेना. वेगळा आकार, म्हणजे वेगळा जीव, कदाचित नरच. पाण्याचा प्रवाह असेल तसा आकार बदलतो, आकारावर जाऊ नका, असं इरफान म्हणाले. पण ते ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

गावंडे स्वतः आले, डबा मांडीवर घेऊन, सगळा प्रवास. डबा खाली ठेवायला ते तयार होईनात.

“हे आमच्या रत्नाच्या हातचं हाय,” ते म्हणाले. “घरात तिचं हालतं असं येवढंच उरलं. बरं व्हईन ना?”

वृंदाबाई म्हणाल्या, होईल. बरं करून परत देईन, आणि इथे तिला सोबतही मिळेल. शास्त्रज्ञाने देऊ नये तसला शब्द होता तो.

छत्रीवर मेणासारखा पापुद्रा चढला होता. त्यांनी पाण्याचा झोत वाढवून तो सोडवला, दिवा मंद केला, पाण्यातली विषं शोषायला कोळसा लावला. आठवडाभराने कडेचे मूठभर बोटांसारखे तंतू उमलले, तेव्हा प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. इरफाननी जनुक-छाप घ्यायला नखाएवढा तुकडा मागितला. आधी सावरू दे, असं म्हणून बाईंनी टाळलं. खरं तर त्यांना उत्तराची भीती वाटत होती.

मग बुंध्याशी काळी कुज दिसली. टाकीला वास यायला लागला. आता कापण्यावाचून इलाज नव्हता. वृंदाबाईंनी कुजका भाग छाटला, वरची टोपी दोऱ्याने दगडाला बांधली आणि छाटलेल्यातला बरा तुकडा इरफानकडे दिला.

ते परत आले ते बसलेच नाहीत.

“बाई, दोन्ही छाप एकच आहेत.”

नमुने बदलले असतील, असं त्या म्हणाल्या. इरफाननी पुन्हा तपासलं होतं, पुन्हापुन्हा. फार वर्षांपूर्वी कुणीतरी समुद्रातून एकच छत्री उचलली असणार. मग दुकानातून घरात, घरातून मित्राकडे, शेजारी विरजण मागून नेतात तसे तिचे तुकडे पसरत गेले. देशभरातल्या काचेच्या टाक्यांत मिळून ती एकटीच राहत होती.

इकडे टोपीही वितळत चालली होती. वृंदाबाई झोत बदलत होत्या, पाणी बदलत होत्या. आता कशासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. शेवटी दगडावर नुसता दोरा राहिला. त्या टाकीला टेकून रडल्या. एका जातीची शेवटची आशा आपल्या डोळ्यांदेखत संपली होती आणि एका म्हाताऱ्याला दिलेला शब्दही गेला होता. त्यातलं जास्त काय लागलं, ते त्यांना कळेना.

डोळे पुसून त्यांनी सुरी घेतली आणि खिडकीजवळच्या छत्रीचा अर्धा भाग कापला.

“हे खोटं नाही,” इरफान हलकेच म्हणाले. “शास्त्राने हे त्यांचंच आहे.”

“शास्त्राने,” वृंदाबाई म्हणाल्या, आणि डबा भरायला लागल्या. कुजलेलं बरंच छाटावं लागलं, म्हणून छत्री बुटकी दिसेल, एवढंच त्यांनी गावंडेंना कळवलं.

काही महिन्यांनी गावंडेंचा फोन आला. छत्री त्यांच्या टाकीतल्या प्रवाहात उंच झाली होती, कडेला चुण्याही आल्या होत्या. “रत्ना होती तवा जशी डोले ना, अगदी तशीच डोलते, मॅडम,” ते सांगत होते. मग त्यांनी विचारलं, “तिले सोबत भेटली काय तिकडं?”

वृंदाबाईंनी टाकीकडे पाहिलं.

“नाही, काका. इथे तिच्याशिवाय दुसरं कुणीच नव्हतं.”

“मंग बरं झालं वापस आली ते,” गावंडे म्हणाले. “इथं मी तरी आहो.”