लाकडाचं बॉम्बर

दसऱ्याला गुरुदत्तने गाडीची पूजा केली आणि उरलेलं हळदीकुंकू, झेंडू, एक लिंबू घेऊन तो शेडवर गेला. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावाबाहेरच्या त्या शेडमध्ये दर रविवारी कॉलिन धरून चार विमानवेडे म्हातारे आणि हा, असे मिळून एका जुन्या बॉम्बरची डागडुजी करायचे. बॉम्बर कसलं, पूर्ण आकाराचा लाकडी नमुनाच तो. चाकं सोडली तर इंजिनांपासून पंख्यांपर्यंत सगळं लाकूड. महायुद्ध संपता संपता जेट आली, पंख्यांच्या विमानांना कुणी विचारेना आणि सरकारने प्रकल्प गुंडाळला. खरं विमान कधी झालंच नाही.

"बिचाऱ्याला कुणी कधी हार तरी घातला असेल का गं?" निघताना तो म्हणाला. त्याची बायको यामिनी नुसती हसली. हॉस्पिटलात डबल शिफ्ट करून आलेल्या नर्सला तेवढंच जमतं.

पुढच्या रविवारी तो हसतच परत आला. पूजा करून बॉम्बरच्या चाकाखाली ठेवलेलं लिंबू चिरडलं होतं.

"कॉलिनने ढकललं असेल."

"अगं, बोल्टने जखडलंय ते जमिनीला!"

मग तो कमी ऐकू येत असल्यासारखा मोठ्याने बोलायला लागला. टीव्हीचा आवाज वाढला. शेडवरून आला की बुटांसकट सोफ्यावर पडायचा, कपड्यांना पेट्रोलचा वास. दमलेल्या माणसाने दमलेल्या माणसाला काय विचारायचं? तिनेही काणाडोळा केला. पण एकदा जेवताना तिला त्याच्या बोटांची टोकं दिसली. पांढरी, मेणचट, कडेला फोड. बाहेर तीस डिग्री, आणि हा बर्फात होतो तसा फ्रॉस्टबाइट!

इमर्जन्सीतल्या डॉक्टरने विचारलं, हे कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहेत का? तिने शेडवरच्या कॉलिनला फोन लावला.

"जस्ट सिट्स इन द कॉकपिट, लव्ह," कॉलिन म्हणाला. "नो वरीज."

घरी येऊन तिने पट्टी बांधता बांधता विचारलं, "काय करतोस रे तिथे?"

"बसतो. फार वर गेलं की थंडी वाजते."

"गुरू, ते लाकूड आहे."

"माहितीय गं."

तो इतकं साधं बोलला की तिला रडूच फुटलं. "मला तू धडधाकट हवायस. यापुढे तिथे पाऊल टाकायचं नाही."

"नाही जाणार." तो थकून हसला. "पण यामिनी, पूजा करून गाडी कुणी उभी ठेवतं का?"

त्या रविवारी तो खरंच गेला नाही. दुपारी पडदे ओढून दोघं आडवी झाली. तो लगेच झोपला. किती दिवसांनी तिला हलकं वाटलं. त्याचा पट्टीतला हात हातात घेऊन ती शेजाऱ्याच्या लॉनमोअरची घरघर ऐकत पडून राहिली.

लॉनमोअर थांबला.

घरघर थांबली नाही.

त्याचा हात गार पडत होता. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. सोडणार नव्हतीच ती.

मग तिच्या कानांत दडे बसले, विमान वर चढताना बसतात तसे.