आवाज कमी करणारं बटण

विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. पण हे माझ्या मावसबहिणीच्या घरी खरंच घडलंय.

गाव जळकोट. हायवेलगतचं घर. गेल्या नोव्हेंबरातला शुक्रवार, दुपारचे चार.

घरात दोघंच. माझी बहीण राजेश्वरी आणि तिचे सासरे शिवप्पा. तिचा नवरा रणधीर कामावर धाराशिवला. सासू लक्ष्मम्मा वर्षापूर्वीच गेलेल्या.

शिवप्पांना लकवा मारलेला. उजवा हात निकामी. टीव्ही तेवढा विरंगुळा. पण टीव्हीचा रिमोट वेगळा, सेटटॉप बॉक्सचा वेगळा. डाव्या हातानं भलतंच बटण दाबलं जायचं आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. चॅनल बदलायलाही सुनेला हाक मारायची, याची त्यांना लई लाज वाटायची.

म्हणून राजेश्वरीनं दोन्हींना चालेल असा एकच रिमोट मागवला. स्वस्तातले सोडून मुद्दाम मोठ्या बटणांचा निवडला. अडचण एकच. तो केबलनं लॅपटॉपला जोडायचा आणि कोणत्या बटणानं काय व्हावं, ते भरायचं.

अर्ध्या तासाचं काम... तीन दिवस झाले तरी होईना.

पहिली केबल नुसती चार्जिंगची निघाली. दुसरी नळदुर्गहून आणली, तर टीव्हीचं मॉडेल यादीत सापडेना. ते सापडलं, तर सेव्ह होताना ब्याण्णव टक्क्यांवर गाडी अडायची. की पुन्हा पहिल्यापासून.

तिला रडू यायचं बाकी होतं.

"ऱ्हाऊ दे पोरी," शिवप्पा म्हणाले. "कशाला जीव आटवतीस?"

"न्हाय मामा. आज करूनच उठणार."

आणि त्या दुपारी एकदाचं सेव्ह झालं!

आता तपासणी. रिमोटवरचं बटण दाबलं, की लॅपटॉपवरच्या चित्रात तेच बटण पिवळं व्हायचं. सगळी बरोबर. तिनं रिमोट टेबलावर ठेवला आणि चहा टाकायला उठली.

तेवढ्यात चित्रातलं एक बटण पिवळं झालं...

आवाज कमी.

रिमोटला कुणाचाही हात नव्हता.

पुन्हा पिवळं. पुन्हा... समोर टीव्हीचा आवाज उतरत होता. वीस. सतरा. चौदा.

"तीन दिवस मातीत गेले माझे!" ती करवादली. बटण अडकलं असेल म्हणून नखानं उचकून पाहिलं. मोकळं होतं.

तिनं सेल काढले.

पिवळं.

केबलमधून करंट येत असेल. तिनं केबल उपसली.

क्षणभर काहीच नाही...

मग पिवळं. नऊ. सात.

आता मात्र तिचा राग कुठल्या कुठं गेला. तिला सासू आठवली.

"मामा..." ती हळूच म्हणाली, "आत्याबाई असतील का हो? त्यांना आवाज सोसत नसंल."

शिवप्पांनी टीव्हीवरची नजर काढली नाही.

"न्हाय. तिला कमी ऐकू यायचं. ती आवाज वाढवायची."

तीन. दोन...

शून्य.

पडद्यावर माणसं नुसती ओठ हलवत होती. आणि तेव्हा राजेश्वरीच्या ध्यानात आलं... हायवेवरच्या ट्रकांचा आवाजही बंद झाला होता. पंखा फिरत होता, त्याचाही आवाज नव्हता.

शिवप्पांनी मान कलती करून कान दिला.

"व्हय," ते रिकाम्या दाराकडं बघून म्हणाले. "आता येतंय ऐकू."

राजेश्वरीनं लॅपटॉप धाडकन मिटला. तसे सगळे आवाज एकदम परत आले.

रिमोट तिनं त्याच दिवशी परत पाठवला. लॅपटॉप दुकानात दाखवला. काही दोष नाही म्हणाले.

पण आता रोज चारला शिवप्पा जुनाच रिमोट उचलतात. डाव्या हातानं, न चुकता, आवाज शून्यावर नेतात. अन् कान देऊन बसतात.

परवा तिनं धीर करून विचारलं, "काय ऐकता मामा?"

"तुझं नाव इचारतंय," ते म्हणाले. "म्या अजून सांगितलं न्हाय."

वर लिहिलेलं राजेश्वरी हे तिचं खरं नाव नाही.

खरं नाव मी आता फोनवरसुद्धा घेत नाही...