वरातीची गाडी विकणे आहे

काच काळी होती. दोन्ही हातांचा आडोसा करून मी नाक काचेला लावलं, आणि आत… दोन डोळे उघडले!

मी किंचाळले. आतला माणूसही किंचाळला. त्याचं डोकं टपाला आपटलं, कोपर हॉर्नवर पडलं, आणि वरच्या चिंचेवरचे सगळे बगळे एकदम उडाले.

"अवं बाप्पा!" डोकं चोळत तो बाहेर आला. "कोण हाये?"

"तुमी कोण? गाडीत काऊन झोपले?"

"माही गाडी हाये. मी नाई झोपू त कोण झोपन?"

मी वायपरखाली खोचलेल्या पुठ्ठ्याकडे बोट केलं – 'विकणे आहे.'

"घ्याची हाये?" त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पायात चिखलाची चप्पल, हातात धानाच्या लोंब्यांची पिशवी. सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात मी कंत्राटी कामाला आहे. जेवणाच्या सुट्टीत चिंचेखाली ही लांबलचक पांढरी जर्मन गाडी दिसली, आणि पाय आपोआप वळले.

"घ्याचीच हाये. काऊन? मी घेऊ नाई?"

"घ्या ना ताई… पण आधी मीटर पाहा."

त्यानं किल्ली फिरवली. आकडा उजळला आणि मी पुन्हा हबकले.

"दोन लाख… शहाऐंशी हजार? एवढ्यात त माणूस चंद्रावर पोचाले येते!"

"गेलीच असती. पण इकडं लग्नं लय होती."

असं म्हणून तो हसला. उजव्या गालाला एकच खळी… आणि माझ्या हातातली लोंब्यांची पिशवी खाली पडली. कशी पडली, मला खरंच माहीत नाही.

त्याचं नाव अमर. पलीकडच्या तलावाकाठच्या गावचा. सिंदेवाहीपासून मूल गावापर्यंतच्या कितीतरी नवऱ्या याच गाडीतून सासरी गेल्या होत्या. मागच्या सीटच्या फटीत अजून पिवळ्या अक्षता अडकलेल्या होत्या.

"चंद्रपूरचा एक जण मीटर मागं फिरवून देतो म्हणत होता," तो म्हणाला. "मी नाई म्हटलं. चालली थे चालली. तिची चाल काऊन चोरू? आन् ऐका, मागची डावी काच वर होत नाई. एसी मनात आलं त चालते."

गाडी विकणारा माणूस गाडीची उणी स्वतः सांगतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

मला गाडी हवी होती ती मिरवायला नव्हे. माझे बाबा, गुणवंतराव महाराज, चाळीस वर्षं कीर्तन करतात. अभंग घेतला की डोळे मिटतात, आणि चिपळ्यांचा पहिला ठेका पडला की मांडवातलं रडणारं लेकरूसुद्धा गप्प होतं. पण आता त्यांच्या पाठीचे मणके झिजलेत. भामरागडकडच्या एका सप्त्याहून जीपनं परतले ते अंथरुणावरून उठलेच नाहीत कितीतरी दिवस. "धानोऱ्याचं काल्याचं कीर्तन करतो," ते म्हणाले होते, "आन् पांडुरंगाले सांगतो, झालं माहं." बाबा बोलता बोलता सहज म्हणाले. पण त्या दिवसापासून आमच्या घरात पहाटे वीणा छेडली गेली की आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून जायची. खड्डे पोटात घालील अशी मऊ गाडी नवी घेणं आमच्या स्वप्नातही नव्हतं. अशी पुष्कळ पळालेलीच आमच्या आवाक्यातली.

मग मी रोज दुपारी गाडी पाहायला जाऊ लागले. एक दिवस टायर. एक दिवस ब्रेक. एक दिवस उगाच…

"आज काय पाहाचं?" तो विचारायचा.

"डिक्की. पखवाज, पेटी, टाळांची पिशवी… सारं मावलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी जाते तर डिक्कीत खरोखरचा पखवाज! गावच्या भजनी मंडळाचा मागून आणलेला. मी तोंडावर हात ठेवून पाहतच राहिले.

"मावते," तो गंभीरपणे म्हणाला. "पेटी उद्या आणतो. वीणेकरी आणू का? आडवा झोपवून पाहू."

मी इतकी हसले की केंद्रातल्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी त्यानं मला ताई म्हटलं होतं. मग मॅडम. आणि आता… काहीच म्हणत नव्हता. नुसता "ऐका ना" म्हणायचा आणि थांबायचा.

"विकून काय करसान?" मी एकदा विचारलं.

"आता नवरदेवाले उघडी जीप पाहिजे, डीजे पाहिजे. मी पिकअप घेतो. बर्फाची पेटी टाकून मासोळी सरळ चंद्रपूरले नेतो. माह्या बाबाची, मनसारामची मासोळी तलावावर सडते, व्यापारी पाडून मागते."

मासोळी! माझा हात गळ्यातल्या तुळशीमाळेवर गेला. अगदी नकळत. त्यानं तो हात पाहिला… आणि पान्यानं अजिबात ढिला नसलेला नट आवळू लागला. चिंचेची वाळकी पानं तेवढी टपावर पडत होती.

रविवारी गाडी बाबांना दाखवायला न्यायची ठरली. बाबा बसतील तिथून हादरे कसे लागतात ते कळावं, म्हणून मी मागं बसले. वाटेत मार्गशीर्षातली अवकाळी सर आली, आणि वर न होणाऱ्या काचेतून पाणी सरळ अंगावर. मी पिवळी ओढणी डोक्यावरून ओढून घेतली. समोरच्या आरशात त्याचे डोळे दिसले… लगेच रस्त्यावर गेले… पुन्हा आले.

"काय पाहून राह्यले?"

"खड्डा."

"खड्डा पुढं असते. आरशात नाई."

त्याचे कान लाल झाले. गावाची कमान दिसताच त्यानं गाडी हळू केली. "ऐका ना… गाडी बाहेरच उभी करू. ही दारात थांबली का बाया…"

"बाया काय खाऊन टाकते? बाबाले चालवत आणू इथपर्यंत? घ्या दारातच."

त्यानं घेतली.

बोअरिंगवर गुणाकाकू पाणी भरत होती. तिनं गाडी पाहिली. मग मागच्या काचेतून पिवळी ओढणी आणि ओढणीतली मी. बोअरिंगचा दांडा हातातून सुटला.

"अवं माय वं! आशाबाई! तुह्या दिव्यानीनं लगन केलं वं!"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण आळीतली सगळी दारं धाडधाड उघडली. ही गाडी दारात आली म्हणजे नवरी आली – एवढंच त्या बायांना माहीत! कोणी घागर आणून चाकांवर ओतली, कोणी आरतीचं ताट आणलं. दार उघडून मी पाय खाली टाकते तोच गुणाकाकूनं माझ्या कपाळाला कुंकू फासलं, आणि दुसरं बोट अमरच्या कपाळाला. तो पुतळ्यासारखा उभा. हातात अजून किल्ली.

"काकू! मी गाडी पाहाले गेल्ती!"

"दिसते ना गाडी! कोनाचा पोट्टा हाये?"

चुलीवर भात चढवून आई दारात आली. हाताला तांदळाचं धुवण. एक नजर माझ्याकडे, एक त्याच्याकडे… आणि ती पायरीवर मटकन बसली.

"बाई, लगन नाई झालं," अमरला कशीबशी वाचा फुटली. "मी मनसारामचा पोरगा. तलाववाले. आमी मासोळी…"

आरती जिथं होती तिथंच थांबली. माळकऱ्याच्या दारात, कीर्तनकाराच्या दारात… मासोळी! कोणीतरी "पांडुरंगा!" म्हणालं. मला वाटत होतं, आता बाबांचं कीर्तनही गेलं, आणि ज्याचं नावही मी अजून मनात नीट घेतलं नव्हतं, तोही गेला.

देवळातून बाबा काठी टेकत आले. लोक बाजूला झाले.

"लगन झालं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"नाई बाबा."

"मंग हे?"

"गाडी… तुमच्या पाठीसाठी."

बाबांनी ओलं चाक पाहिलं, आमची कपाळं पाहिली. मग दार उघडून आत बसले. "चल रे बाबू. तलावाच्या पाळीवरून आण." तलावाच्या बांधावरच्या आमच्या त्या रस्त्यावर बैलसुद्धा ठेचाळतात. गाडी गेली. आळी तशीच उभी. परत आली तेव्हा बाबांचे डोळे भरलेले. "दिव्यानी," ते म्हणाले, "रस्ता कुठी होता थेच समजलं नाई माह्या पाठीले. अख्खा अभंग म्हणून झाला."

मला रडू फुटणार, तेवढ्यात अमर म्हणाला, "महाराज, मी गाडी विकत नाई."

"काय?" मी ओरडलेच. "एवढे दिवस…"

"हिचं दुखणं मलेच समजते. धानोऱ्याच्या जंगलात बंद पडली त महाराजांनी काय करावं? मीच नेतो. जिथी कीर्तन, तिथी. पिकअप राहू द्या मंग पुढं."

गुणाकाकू पुढं झाली. "मासोळीवाला चालवन, आन् महाराज काल्याले जातीन?"

बाबांनी हात वर केला. "पोरा, माळ घालतं? मासोळी सोडतं? आज सोड, आज मी तुले माह्या हातानं माळ घालतो."

मनात मी म्हणत होते, हो म्हण… नुसतं हो म्हण.

"नाई, महाराज," अमर म्हणाला. "घरचं पोट तलावावर हाये. माळ घालून पाण्यात जाळं टाकलं त थे खोटं होईन. तुमच्यापुढं खोटं नाई बोलत."

बाबांनी काठीवर दोन्ही हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "चाळीस वर्सात माह्यापुढं माळ घेऊन खोटं बोलणारे लय पाह्यले. न घेता खरं बोलणारा हा पहिला." आणि माझ्याकडे वळले. "गाडीचं ठरलं, हाच चालवन. दिव्यानी, दुसरं काई बोलाचं हाये का तुले?"

बाबांनी हे विचारलं! सगळ्या आळीसमोर! जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"मले… मले त्यांनी काई विचारलंच नाई बाबा."

सगळ्या माना अमरकडे. शेकडो नवरदेव वाहून नेलेला तो माणूस त्यातल्या कोणाहीपेक्षा पांढरा पडला होता. "मी… म्हणजे… ऐका ना…"

पायरीवरून आईचा आवाज आला. तोपर्यंत ती एक अक्षर बोलली नव्हती. "अरे विचार ना बाप्पा लवकर! माहा भात खाली लागून राह्यला!"

"आमच्या घरी…" त्यानं माझ्याकडे पाहिलं, "आमच्या घरी मासोळीचा वास येते. अंगणातबी, कपड्यालेबी. मी खोटं नाई सांगत. चालन?"

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"माह्या चुलीवर भातच शिजन," मी म्हणाले. "मासोळीची चूल तुमी मांडा… बाजूले."

"बाजूले?"

"हो… बाजूलेच. दूर नाई."

आईचा भात करपल्याचा वास सगळ्या आळीत पसरला होता. पण हललं कोणीच नाही.